झिलूचं कोनफळ

पंचायतीनं फर्मान काढलं होतं. प्रत्येक घरमालकानं आपापल्या अंगणातलं आणि परसातलं रान कंदमेळ्याच्या आधी काढून टाकावं. न काढणाऱ्याचं नाव कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरून गावभर वाचलं जाईल. नंदिगड्ड्याजवळच्या त्या वाडीत सगळ्यांनी कोयते परजले. झिलू तेवढा ढिम्म.

"आवो, रान काढताय न्हवं?" त्याची बायको केशर रोज विचारी. "भोंग्यावर नाव आलं तर तोंड कुठं लपवू मी?"

"काढतो गं. घाई काय हाय?"

घाई कसली, झिलूला रान हवंच होतं! जोयड्याच्या कंदमेळ्यासाठी त्यानं दोन पावसाळे परसात एक कोनफळ पोसलं होतं. मेळ्यात दरसाल पहिला नंबर कुंपणापलीकडच्या मेव्हण्याचा, महाबळेश्वराचा. मग वर्षभर तो मिशीला पीळ देत फिरणार. यंदा त्याची जिरवायची, एवढंच झिलूच्या मनात. वेल वाळला की उरलेल्या बुडख्यावरून कंदाची जागा ओळखायची असते. तो बुडखा झिलूनं गवतात दडवला होता आणि केशरलाही पत्ता लागू दिला नव्हता. बहीण ती, भावाच्या कानावर घातल्याशिवाय राहील होय?

मेळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी झिलू कंद न्यायला जीप ठरवायला गेला आणि केशरनं पदर खोचला. तो परतला तेव्हा परसात काडी उरली नव्हती. कोपऱ्यात बुडख्यासकट सगळ्या रानाची राख धुमसत होती.

"बघा, कसं लख्ख केलं!"

झिलू मटकन खाली बसला. "अगं माझे आई! माझं कोनफळ गं!"

सगळं ऐकल्यावर केशरच भडकली. "बायकोपास्नं कंद लपवतासा? मग आता हुडका तुमचं तुमी!"

झिलूनं पहार उचलली. केळीपाशी खणलं, न्हाणीमागं खणलं, कुंपणाच्या कडेनं खणलं. कोनफळ कुठंच लागेना.

"दाजी, काय हरवलंय?" कुंपणावरून महाबळेश्वरानं मान काढली.

"काय न्हाई. डॉक्टरनं घाम काढायला सांगितलाय."

तेवढ्यात पंचायतीची मेंबर सुमंगला तालुक्याच्या साहेबांना घेऊन पाहणीला हजर! लख्ख परस बघून साहेब खूश झाले, मग खड्डे बघून थबकले. "हे काय?"

"झिलूअण्णा, खड्डेबी चालत न्हाईत हां," सुमंगला म्हणाली. "पाणी साचतंय, डास हुतात. भोंग्यावर नाव येतंय."

झिलूनं ठोकून दिलं, "झाडं लावायला काढलेत, साहेब!"

झालं! पावसाळ्यात उरलेली काजूची रोपं पंचायतीच्या पडवीत पडून होती. ती लगोलग आली. प्रत्येक खड्ड्यात एक रोप लागलं, फोटो निघाला.

"आता हितं पहार लावायची न्हाई," सुमंगलानं बजावलं. "मुळं दुखावतील."

दुसऱ्या दिवशी झिलू हात हलवत मेळ्याला गेला. पहिला नंबर महाबळेश्वराचा. मांडीएवढं कोनफळ टेबलावर मिरवत होतं. इतक्यात साहेबांनी त्याचंच नाव पुकारलं, "आदर्श अंगणाचा मान, झिलू!" पण सत्काराच्या शाली पुढाऱ्यांवरच संपलेल्या. साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, टेबलावरचं सगळ्यात मोठं कोनफळ उचललं आणि झिलूच्या हातात ठेवलं. टाळ्या कडाडल्या. महाबळेश्वरानं आपला कंद घ्यायला हात पुढं केला, पण साहेबांपुढं त्यालाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

त्या संध्याकाळी केशरनं ते चुलीत भाजलं आणि भावालाही जेवायला बोलावलं. झिलूला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पहिला घास घेऊन 'पचपचीत हाय' म्हणायचं, हे त्यानं वाटेतच ठरवून टाकलं होतं.

महाबळेश्वर पानाला हात न लावता त्याच्याकडं बघत होता. "कसं हाय, दाजी?"

झिलूनं घास घेतला, चावला आणि डोळे मिटले.

"लोण्यावाणी हाय रं," तो बोलून गेला.

महाबळेश्वराचा हात सावकाश मिशीकडं गेला. झिलूनं कपाळावर हात मारला आणि केशरपुढं पान सरकवलं, "वाढ आणखी."