तात्यांचं कातडं मुंबईला गेलं

किन्हवलीला बदली होऊन आलो त्याच दिवशी शेजारच्या तात्यांनी माझं नाव विचारण्याआधी माझं कोपर धरलं. खिशातून भिंग काढलं, कोपर उन्हाकडे वळवलं आणि म्हणाले, "घामोळी हाय मास्तर. घाबरू नका."

मी घामोळीला नाही, तात्यांना घाबरलो होतो.

तात्या एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभी हयात शहापूर-मुरबाडच्या गाड्यांवर गेली. दांड्याला लटकलेले हात पाहून पाहून त्यांना कातडीचा नाद लागला. चेहरे ते विसरत, इसब विसरत नसत. गावात कुणी लेप, अंगारा, उतारा असला उपाय सांगितला की त्यांचा एकच प्रश्न, "पुरावा हाय?"

नसला की तो ते स्वतःच्या अंगावर तयार करत. एकदा ठाकरवाडीतल्या म्हातारीकडून बिब्बा आणून त्याचं तेल दंडाला चोपडलं. दोन दिवसांत दंड दुधी भोपळ्याएवढा! माझी बायको किंचाळलीच. तात्या मात्र खूश. "म्हातारी जन्मभर बिब्बे फोडते, तिला नाय उतत. मला उतला. बिब्बा तोच ना? मग फरक माणसात हाय!"

गेल्या वैशाखात एका लग्नात तर त्यांनी कहर केला. हातांवर पापुद्रे आलेल्या एका बाईला लोकांनी मांडवाच्या टोकाला एकटीच बसवलं होतं. तात्या सरळ जाऊन तिच्याशेजारी बसले आणि तिच्या पत्रावळीतलं भजं उचलून तोंडात टाकलं. सगळा मांडव गार. ती बाईसुद्धा हबकून उठली.

"बस गो, बस," तात्या ओरडले. "सोरायसिस हाय. दुसऱ्याला लागत नाय. अंगातले राखणदार बिथरल्यात, आपल्याच घरावर काठ्या चालवतात. तुमच्या घरावर येत नाय ते!"

त्यानंतर एका सकाळी ते दंडाला पट्टी लावून दारात उभे. "मास्तर, माझं कातडं मुंबईला शिकायला गेलं."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण खरंच मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात सोरायसिसच्या कारणांवर संशोधन चाललं होतं. आजारी कातडीशी ताडून बघायला निरोगी कातडी हवी होती. तात्यांनी सही करून आपल्या दंडाच्या कातडीचा तुकडा दिला होता. पोरगं शाळेत घातल्यासारखा आनंद चेहऱ्यावर.

टाका काढायला त्यांनी मला सोबत नेलं. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तात्या, या अभ्यासातून लगेच इलाज निघणार नाही. पण आजची औषधं पूर्वीपेक्षा खूप चांगली आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला आहे का सोरायसिस?"

तात्यांनी वर केलेली बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाले, "बायकोला."

मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. दोन वर्षं शेजारी राहून मी त्यांना ब्रह्मचारी समजत होतो.

परतीच्या वाटेवर त्यांनी सांगितलं. "लग्नाला वर्ष झालं न तिचे हात बिघडले. आईनं तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. एक दिवस भाऊ आला न धसईला घेऊन गेला. मी म्हटलं, बरी झालीस की ये."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं तात्या, हा रोग लागत नाही ते."

"नव्हतं. पण ताट वेगळं केलेलं दिसत होतं ना."

पुढच्या रविवारी आम्ही धसईला गेलो. यमुनाकाकू हात पदराखाली घेऊन दारात उभ्या राहिल्या. सगळ्या तालुक्याला ऐकू जाईल असा आवाज असलेले तात्या अंगणातच खिशातलं भिंग पुसत राहिले. शेवटी मीच दवाखान्याचं सांगितलं.

काकूंनी तात्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "हात दावते डॉक्टरला. पण घरी येणार नाय."

"नको येऊ," तात्या म्हणाले.

तेव्हापासून दर महिन्याला तात्या धसईला जातात आणि तिथून काकूंना मुंबईला नेतात. हातांचे पापुद्रे बरेच गेले. सांजेला काकू पुन्हा धसईत, तात्या किन्हवलीत. दवाखान्यात 'सोबत कोण?' विचारलं की काकूंचं उत्तर ठरलेलं, "गाववाले."

गेल्या खेपेला मीही गेलो होतो. नवीन नर्स होती. तिने कागदावरून मान वर न करता विचारलं, "हे तुमचे कोण?"

तात्या नेहमीसारखे भिंतीकडे बघू लागले. काकूंनी पदर सारखा केला.

"घरचे हायेत," त्या म्हणाल्या.

तात्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं. काकूंची पिशवी फक्त या हातातून त्या हातात घेतली. शेजारचं बाक रिकामं होतं, पण नंबर येईपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.