बारापैकी तीन

पुरुषांना डोळ्यांसमोरची वस्तूसुद्धा सापडत नाही, हे सिद्ध झालं ते चष्मेवाल्याच्याच दुकानात. आणि त्याला स्वतःला ते कळलं वर्तमानपत्रातून.

संशोधन त्याच्या मेहुणीचं होतं. तिची डॉक्टरेट त्यावरच अवलंबून होती. पसारा मांडलेल्या खोलीचं एक चित्र, त्यात लपलेल्या बारा वस्तू, शोधायला एक मिनिट. चाळीस बायका तिने वाचनालयात गाठल्या. पुरुष मात्र तिच्या हातातले कागद बघूनच घाईचं सोंग आणून सटकायचे. शेवटी तिने चित्रांचा गठ्ठा चष्मेवाल्याच्या काउंटरवर आदळला.

"भावोजी, तुमच्याकडे गिऱ्हाइकं नुसती बसून असतात ना? द्या एकेकाला."

त्याने दिली. अगदी घड्याळ लावून, इमानदारीने दिली. निकाल आला: बायकांना बारापैकी दहा, पुरुषांना बारापैकी तीन.

बातमी छापून आली त्या दिवसापासून चष्मेवाल्याची बायको त्याचा रुमाल, किल्ल्या, मोजे हातात आणून द्यायला लागली.

"अगं, मी घेतो की!"

"राहू द्या हो. तुमचा काय दोष? शास्त्रच आहे ते."

ती हे इतक्या मायेने म्हणायची, की त्याला धड रागावताही येईना.

सोमवारी शेजारचा शिंपी चष्म्याची सैल दांडी घट्ट करून घ्यायला आला. चष्मा काढून दिला, बाकावर बसला आणि उरलेलं एक चित्र उचलून त्याने नाकाला लावलं.

"छान आहे. कुठला डोंगर हा?"

"डोंगर? कपाट आहे ते!" चष्मेवाला म्हणाला, आणि त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

चाळीसच्या चाळीस पुरुषांनी हे चित्र याच बाकावर बसून बघितलं होतं. आणि त्या वेळी त्यांचे चष्मे होते काउंटरच्या आत, चष्मेवाल्याच्याच हातात.

मेहुणीची तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. सांगावं तर तिची दोन वर्षं पाण्यात, न सांगावं तर परीक्षकांसमोर तिची फजिती. संध्याकाळी त्याने धीर करून सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"भावोजी, तुम्ही आंधळ्यांची शर्यत लावलीत, आणि मी ती जगाला सांगितली!"

मग डोळे पुसून ती उठली. "उद्यापासून पुन्हा चाळीस. नवीन चित्र, चष्मा डोळ्यांवर, आणि समोर मी."

आता खरं काय ते बाहेर येणार, म्हणून दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने सगळ्यांचे चष्मे स्वतः पुसून दिले. शिंप्याला दोन वस्तू सापडल्या. बँकेतल्या कॅशियरला एक. मोटार शिकवणाऱ्याने संपूर्ण कोरा कागद परत दिला, तोही ताठ मानेने.

चष्मेवाला शिंप्याला कोपऱ्यात घेऊन गेला. "अहो, मधोमध कात्री होती! निदान तुम्हाला तरी दिसायला हवी!"

"दिसली की." शिंप्याने आवाज खाली आणला. "पण गप्प बसा. बातमी आल्यापासून घरात कुणी मला 'जरा शोधून देता का' म्हणालेलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा गरम चहा पितोय मी."

गावभर कुजबुज झाली होती. ज्यांना चष्माच नव्हता असेही पुरुष रांगेत येऊन उभे राहिले, आणि काही म्हणजे काही न सापडून आनंदाने घरी गेले. गुरुवारी सरासरी निघाली: बारापैकी दीड.

"लबाडी करतायत सगळे!" चष्मेवाला ओरडला.

"पुरावा?" मेहुणीने विचारलं.

"शिंपी स्वतः म्हणाला."

"लेखी देईल?"

शिंप्याला विचारायची गरज नव्हती. तो कधीच पसार झाला होता.

"हे बघा, भावोजी," मेहुणी शांतपणे म्हणाली, "लबाडी करायला वस्तू आधी दिसायला हव्यात. त्या दिसतात, हे एकाही पुरुषाने दाखवलेलं नाही."

"मी दाखवतो! आण चित्र!"

तिने पिशवीतून त्याने न पाहिलेलं चित्र काढलं. त्याने चष्मा सावरला आणि चाळीस सेकंदांत बाराच्या बारा वस्तूंवर गोल केले. त्याच वेळी बायको डबा घेऊन दुकानात आली होती. ती बघतच राहिली. मेहुणीने कागद तपासला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"एक अपवाद. सरासरीतून वगळला."

शुक्रवारी परीक्षा झाली. तिने झालेली चूक आणि दुसरी चाचणी, दोन्ही प्रामाणिकपणे मांडल्या. चष्मेवाल्याचा आक्षेपसुद्धा वाचून दाखवला. तिन्ही परीक्षक संसारी पुरुष होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न न विचारता सह्या केल्या.

शनिवारी चष्मेवाला दुकान उघडायला आला, तर पायरीवर शिंप्याची बायको उभी. मागे कॅशियरची बायको, तिच्यामागे आणखी चार-पाच जणी. शिंपी पलीकडच्या फुटपाथवर आभाळाकडे बघत उभा होता.

"या ना," चष्मेवाला हरखून म्हणाला. "कुणाला नंबर तपासायचाय?"

"नंबर कसला?" शिंपीण म्हणाली. "तुमच्या मिसेस सांगत होत्या, तुम्हाला म्हणे सगळं सापडतं. चला जरा घरी. सुई हरवलीय."