बारा हजार डायऱ्यांचा प्राधान्यक्रम

काम करण्याआधी ते काम बाजूला ठेवून त्याचा विचार करणं, याला नियोजन म्हणतात. माणूस आणि मुंगी यांत मुख्य फरक हाच. मुंगी सरळ साखरेकडे निघते. माणूस आधी साखरेकडे जाण्याचा तक्ता आखतो, त्यात रकाने पाडतो, शेवटचा रकाना शेऱ्यासाठी सोडतो, आणि मग बघतो तर साखर मुंग्यांनी नेलेली असते. तक्ता मात्र त्याच्याकडे राहतो. म्हणून माणूस श्रेष्ठ.

हे तत्त्व नानांना एकतीस वर्षं ठाऊक नव्हतं. नाना एका डायरीच्या कारखान्यात बाइंडिंग खात्याचे सुपरवायझर होते. लोकांनी आपलं वर्ष ज्यात आखायचं ती डायरी तिथे बनत असे : एका पानावर एक दिवस, खुणेला लाल फीत आणि शेवटी फोन नंबर लिहायला तीन पानं. नानांच्या हाताखाली अकरा बायका, दोन शिलाई मशिनं आणि एक कटिंग मशीन. कटिंग मशीन दर पावसाळ्यात रुसायचं आणि नानांनी दोन शिव्या घातल्या की चालू व्हायचं. नानांचं वार्षिक नियोजन दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहिलेलं होतं. ते असं : ‘वीस डिसेंबर.’ बस्स. त्या तारखेच्या आत बारा हजार डायऱ्या गाडीत चढायच्या. एवढ्या अपुऱ्या नियोजनावर एकतीस वर्षं डायऱ्या वेळेवर कशा निघाल्या, याचं समाधानकारक स्पष्टीकरण पुढे कुणालाच देता आलं नाही.

फक्त एकतिसाव्या वर्षी दोन दिवस उशीर झाला होता. मालकांनी नानांना बोलावून शांतपणे सांगितलं की यंदा वीस तारीख चुकली तर बाइंडिंग बाहेर देऊन टाकू. खातं बंद. म्हणजे अकराही बायका घरी. त्यात मावशीही आल्या. मावशी म्हणजे खात्यातल्या सगळ्यांत जुन्या. नाना इथे उमेदवार म्हणून लागले तेव्हा त्यांना फर्मा दुमडायला ज्यांनी शिकवलं त्या. (फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. असे तेवीस फर्मे एकावर एक शिवले की वर्ष होतं.) आपली नोकरी गेली तर जाऊ दे, पण मावशींना आपल्या तोंडाने कसं सांगायचं, या विचाराने नानांचं जेवणावरून मन उडालं.

मालकांचंही काळीज दगडाचं नव्हतं. नानांच्या मदतीला म्हणून त्यांनी एक नियोजन अधिकारी नेमला.

साहेब माणूस लाखात एक. हसतमुख, मृदुभाषी, खिशाला चार रंगांची पेनं. त्यांनी आल्या आल्या परिपत्रक काढलं की प्रत्येक सुपरवायझरने आपलं वार्षिक नियोजन प्राधान्यक्रमासह ‘प्रा-१’ या नमुन्यात सादर करावं. नानांनी तो नमुना लगोलग भरून दिला. पहिलं प्राधान्य : वीस डिसेंबरच्या आत डायऱ्या. दुसरं प्राधान्य : वरीलप्रमाणे. बाकीची दहा पानं त्यांनी कोरी ठेवली आणि खाली सही ठोकली.

नमुना परत आला. शेरा होता : ‘विचारांत खोली नाही.’

मग नाना खोल जाऊ लागले. अडचण अशी झाली की प्राधान्यं ठरवायला सगळ्या खात्यांचं मत घ्यावं, असा नियम होता, आणि मत घेतल्यावर ते मोडणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. स्टोअरवाल्याने आपलं प्राधान्य पहिलं लावायला सांगितलं. सुरक्षावाल्याने विचारलं, सुरक्षा दुसरी कशी असेल? सफाईवाला तर रागावून बसला. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला आणि ‘प्रथम’, ‘सर्वप्रथम’ व ‘तातडीने प्रथम’ असे तीन वर्ग केले. सप्टेंबरअखेर बाइंडिंग खात्याची एकूण प्राधान्यं त्रेचाळीस झाली. त्यांपैकी अडतीस पहिली होती. उरलेल्या पाचांत हातमोज्यांचा रंग ठरवणं, पाण्याच्या टाकीला ‘पाण्याची टाकी’ अशी पाटी लावणं, सुपरवायझरांमधला संवाद वाढवणं (त्यासाठी दर सोमवारी बैठक ठेवली होती, तिथे सगळे सुपरवायझर गप्प बसून घड्याळाकडे बघत), अशा मागासलेल्या बाबी होत्या. प्राधान्य क्रमांक सतरा ‘प्राधान्यांची संख्या कमी करणे’ हे होतं. ते धरून त्रेचाळीस.

यादी टाइप होऊन आली तेव्हा नानांनी ती चष्मा पुसून दोनदा वाचली. डायऱ्या कुठेच नव्हत्या. ते यादी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि अदबीने म्हणाले, “साहेब, यात डायरी राहिली.”

साहेब हसले. “नाना, डायऱ्या करणं हे तुमचं काम आहे. ते काही प्राधान्य नव्हे. काम तर तुम्ही करणारच, म्हणून ते गृहीत धरलंय.”

“मग त्याला वेळ कुठला धरलाय?”

साहेबांनी हिरवं पेन काढून तक्ता दाखवला. त्रेचाळीस प्राधान्यांना मिळून शहाण्णव टक्के वेळ दिला होता. उरलेले चार टक्के ‘इतर’ या सदराखाली. डायऱ्या इतरमध्ये बसत होत्या. नानांनी मनातल्या मनात हिशेब केला : आठ तासांची पाळी, रोजची एकोणीस मिनिटं. एकोणीस मिनिटांत कटिंग मशीनचा रुसवासुद्धा निघत नाही. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. पण समोरचा माणूस इतका गोड हसत होता की भांडायचं तरी कशावरून, हेच त्यांना कळेना. “बरं साहेब,” म्हणून ते बाहेर आले आणि जिन्यात पाच मिनिटं कठडा धरून उभे राहिले. (ही पाच मिनिटं त्या दिवशीच्या एकोणीसमधून वजा झाली.)

पुढचा काळ नियोजनाच्या दृष्टीने सोन्याचा ठरला. ऑक्टोबरात प्राधान्यांचा आढावा झाला. नोव्हेंबरात आढाव्याचा आढावा झाला. वेळेच्या सदुपयोगावर चार दिवसांचं शिबिर झालं, आणि कारखान्यात मोठी खोली एकच असल्याने ते बाइंडिंग खात्यात भरलं. शिलाई मशिनं बोळात ढकलली. अकरा बायकांनी शिबिरभर वर्तुळात बसून एकमेकींना आपापली स्वप्नं सांगितली. मावशींनी आपलं स्वप्न ‘खुर्चीत बसून काम करायला मिळावं’ असं सांगितलं, ते साहेबांनी निळ्या अक्षरांत फळ्यावर लिहिलं आणि शिबिर संपल्यावर पुसलं.

इकडे छपाई खात्यानेही कसूर केली नाही. ‘प्रा-१’ हा नमुना सहा वेळा सुधारला, आणि सहाही वेळा अकरा पानी नमुन्याच्या शेकड्यांनी प्रती ज्या मशीनवर निघाल्या, त्याच मशीनवर डायरीची पानं छापायची होती. दहा डिसेंबरला नाना छपाईत गेले, तेव्हा तारखांचा एकच फर्मा निघाला होता. एक जानेवारी ते सोळा जानेवारी. बारा हजार प्रती, अगदी सुबक. सोळा जानेवारीनंतर त्या कारखान्यात कालगती थांबली होती.

दहा दिवस आणि बावीस फर्मे. नाना खात्यात येऊन स्टुलावर बसले आणि कपाळाला हात लावला. अकराही बायका हातातलं काम टाकून त्यांच्याभोवती जमल्या. काय चाललंय ते त्यांना सांगावं लागलं नाही. मालक काय म्हणाले हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी मावशी गेल्या आणि गोदामाचं दार उघडून आल्या.

गोदामात कुठल्याशा कॉलेजने मागवून मग न नेलेल्या वह्या होत्या. शिवून तयार, फक्त पुठ्ठा चढवायचा राहिलेल्या, डायरीच्याच मापाच्या, आत नुसत्या रेघा. तेराएक हजार असतील.

“पुढे तारखांचा फर्मा डिंकाने जोडा, मागे ह्या वह्या लावा,” मावशी म्हणाल्या. “वर कव्हर, मधे फीत. झाली डायरी.”

“अहो मावशी, सतरा तारखेपासून नुसत्या रेघा? लोक आपल्याला जोड्याने मारतील.”

“नाना, माझ्या घरात पंधरा वर्षांच्या डायऱ्या आहेत. जावई घेतो, मुलगा घेतो, सूनबाई घेते. आठ जानेवारीच्या पुढे आजवर कुणीही गेलेलं नाही.”

नानांना हे पटलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं, आणि मावशी डिंकाचा डबा घेऊन कामाला लागल्याही होत्या. त्यांनी तिरीमिरीत उठून ती त्रेचाळीस प्राधान्यांची यादी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. (तिचा हा पहिलाच उपयोग.) एकोणीस तारखेच्या दुपारी बारा हजार डायऱ्या गाडीत चढल्या. मालकांनी नानांच्या पाठीवर थाप मारली. नानांना ती थाप विंचू चावल्यासारखी लागली.

जानेवारी उजाडला आणि नानांचा जीव टांगणीला लागला. रोज काही ना काही निमित्त काढून ते साहेबांच्या केबिनमध्ये जात, कारण साहेबांच्या टेबलावर तीच डायरी होती. तीन जानेवारीला ती दोनच्या पानावर उघडी होती; पानभर मजकूर, चार रंगांत, खाली रेघा मारलेल्या. सहा तारखेला पाचचं पान, त्यावर दोन ओळी. दहा तारखेला सातचं पान. सतरा तारखेला नाना देवाचं नाव घेत आत शिरले. सातचंच पान. एकतीस तारखेला त्या सातवर चहाचा कप होता, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर कपाचे पाच गोल एकमेकांत गुंतून छान नक्षी झाली होती. नानांच्या जिवात जीव आला तो त्या दिवशी. खात्यात परतून त्यांनी मावशींना एक खुर्ची आणून दिली, आणि ती कुठल्या प्राधान्याखाली आणली हे कुणालाही सांगितलं नाही.

बाहेरूनही काही आलं नाही. बारा हजार डायऱ्या, वर्षभरात तक्रार एक. ती एप्रिलमध्ये आली, एका निवृत्त हेडमास्तरांची : खुणेची फीत निखळली आहे. फीत कुठल्या पानावर होती तेही त्यांनी सोबत कळवलं होतं. चार जानेवारी.

बाइंडिंग खातं वाचलं. वार्षिक अहवालात त्याचं यश नियोजनाच्या खाती जमा झालं, आणि ते योग्यच होतं; एवढं नियोजन झालं नसतं तर बावीस फर्मे अनावश्यक आहेत हा शोध लागलाच नसता. नाना आता दर साली तेवढाच एक फर्मा छापून घेतात. पुढच्या वर्षीपासून अर्ध्या फर्म्यावर यावं, म्हणजे आठ जानेवारीपर्यंत, असा मावशींचा आग्रह आहे. नाना अजून कचरतात. सोळापर्यंत कुणीतरी जात असेल, असं त्यांना उगाचच वाटतं.

तेव्हा आपल्याला हात जोडून एक विनंती. यंदाची आपली डायरी घरात कुठेतरी असेलच. फ्रिजवर, नाहीतर गाद्यांच्या कपाटात. हे वाचून ती काढावी आणि सतराव्या पानाचं काय ते एकदा बघावं, असं आपल्या मनात आलं असेल. कृपा करून बघू नका. इतकी वर्षं बघितलं नाही, त्यावर अकरा बायकांचं घर चाललंय.