घर फिरायला नेताना

भडकमकरांच्या कुत्र्याला फिरवायचं, तर इंदुताई सोवनींना घरही बरोबर न्यावं लागे.

याला इलाज नव्हता. यजमान गेले त्या जागी, आतल्या खोलीत, दिवा लावलेला होता. दिवसकार्य होईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, एकटाही सोडायचा नाही, अशी रीत. तेराव्याला गुरुजी म्हणाले, "आता आवरायला हरकत नाही." इंदुताईंनी मान हलवली आणि दिव्यात तेल घातलं. त्यालाही बरेच महिने झाले. दूध, किराणा सगळं वर येई. त्या खाली उतरल्या नव्हत्या.

अशात समोरचे भडकमकर सुनेच्या बाळंतपणाला निघाले आणि झंप्याला ठेवून गेले. "तुम्हालाही सोबत," म्हणाले. झंप्या सोबत करण्यातला नव्हता. उजाडलं की सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून इंदुताईंच्या मांडीवर. शेवटी त्यांनी त्याच्या पट्ट्याला कपडे वाळत घालायची दोरी जोडली, टोक मनगटाला गुंडाळलं, दिव्यापाशी बसल्या आणि दार उघडं टाकलं. झंप्याने ओढ घेतली. घर जागचं हललं, जिना उतरलं आणि फाटकाबाहेर पडलं.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे खासनीस आले. सोसायटीचे सेक्रेटरी तेच.

"वहिनी, तक्रार नाही. पण तुमचं घर बाहेर असलं की आमच्या फरशीला खालून वारा लागतो. आईचे गुडघे धरलेत."

"मग काय करू?"

"वेळ ठरवा. म्हणजे आईला आधी मोजे घालून ठेवू. आणि जाताना पाण्याचा कॉक बंद करत जा, खाली धार लागते."

"वेळ पाळत नाही हो."

"कुत्रा की घर?"

"दोघंही."

खासनिसांनी हे गंभीरपणे ऐकून घेतलं. मग दिव्याकडे बघत म्हणाले, "एवढ्या धक्क्यांनी विझेल हो एखाद दिवशी."

"म्हणून तर आडोसा धरून बसते."

एकदा झंप्याला मांजर दिसलं. घर भाजी मंडईतून धावत गेलं. फडताळातले डबे कोसळले, ज्योत वातीला जाऊन टेकली. इंदुताईंनी श्वास रोखला. ज्योत हळूहळू परत उभी राहिली.

"दमले रे बाबा," त्या म्हणाल्या. कुणाला, ते त्यांनाही नीट कळलं नाही.

भडकमकर पेढे घेऊन परतले. "त्रास नाही ना दिला?"

"नाही. फिरणं झालं चांगलं."

"तुमचं?"

"घराचं."

दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत पडून राहायचं, असं इंदुताईंनी ठरवलं होतं. पण उजाडलं तशी दारं आतून खरखरू लागली. खिडक्या आपटल्या. फरशी दाराकडे कलली, आणि दोरी घरंगळत त्यांच्या अंथरुणाशी आली.

"मला नाही आता ओढवत," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

बिजागऱ्या बारीक आवाजात कुंईकुंई करत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या उठल्या. दिव्यात काठोकाठ तेल घातलं. कपाटाखालून चपला काढल्या, पदराने पुसल्या.

"बस," त्या घराला म्हणाल्या.

फरशी जरा खचली. घर बसलं.

"दिव्यापाशीच बस. एकटं सोडायचं नसतं त्याला. मी येते."

त्या कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. वरून खासनिसांचा आवाज आला, "वहिनी, निघालात का? आईला मोजे घालू?"

"नको," इंदुताई म्हणाल्या. "आज मी एकटीच."