घरासकट सुट्टीवर

केझाया ट्रँटर चालत्या घरात, मांडीवर कपबशा सांभाळत बसली होती. तिच्या नवऱ्यानं, बर्मिंगहॅमच्या गाडीसुतार एनॉकनं, अख्खा हिवाळा खपून हे चार चाकांचं लाकडी घर बांधलं होतं. आत दोन बिछाने, स्टोव्ह, खिडक्यांना पडदेसुद्धा. ते जुन्या मोटारीमागे जोडून दोघं डेव्हनच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघाली होती. वाटेतल्या प्रत्येक गावात लोक विचारत, "घोडा कुठाय?"

चाळिशी उलटली तरी दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता.

शेवटच्या उभ्या चढावर मोटारीची घरघर एकाएकी लांब गेली. 'इंजिन सुधारलं वाटतं,' असं केझायाच्या मनात आलं, तोच खिडकीतली झाडं उलटी पळू लागली.

घर मोटारीला जोडणारी खीळ निसटली होती! घर मागे मागे घरंगळलं, वळणावरच्या उघड्या फाटकातून कुरणात शिरलं, एक गिरकी घेऊन उंच गवतात रुतलं आणि थांबलं. एक बशीसुद्धा फुटली नाही.

तिनं दार उघडलं. समोर कुरण कड्यापाशी संपत होतं आणि त्यापुढे नुसतं पाणी. निळं, चमचमणारं, आभाळाला टेकलेलं. एवढं मोठं काही असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती पायरीवर मटकन बसली.

"ओ बाई! भटक्या जिप्सींना इथं थांबता येणार नाही!" काठी आपटत एक म्हातारा शेतकरी आला.

"आम्ही जिप्सी नाही, आजोबा. सुट्टीवर आलोय."

"घर घेऊन?"

"हो."

म्हातारा घराला फेरी मारून आला. मग टोपी काढली, बूट काढले आणि देवळात शिरावं तसा आत गेला. भिंतीतला बिछाना उघडून बघत तो पुटपुटला, "आणि आमचं घर दोनशे वर्षं एकाच जागी बसलंय!"

इतक्यात एनॉक धापा टाकत उतारावरून आला. चढाच्या माथ्यावर मोटार थांबवून, "उतर राणी, जिंकलो!" असं मोठ्यानं ओरडल्यावरच त्याला मागे काही नसल्याचं कळलं होतं.

"केझाया! लागलं का गं? चूक माझी, खीळ मीच..."

"शू. तिकडे बघ आधी."

एनॉकनं पाहिलं. त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. घामानं निथळत तो तिच्या शेजारी पायरीवर टेकला.

"मालक," म्हातारा मागच्या खिडकीतून रस्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "तुमची मोटार ब्रेक न लावताच सोडून आलात काय?"

चढावरून रिकामी मोटार ऐटीत खाली येत होती. फाटकावरून ती सरळ पुढे गेली आणि खालच्या गवताच्या गंजीत अर्धी गडप झाली.

एनॉकनं कपाळाला हात लावला. "मेलो! आता कसं जायचं आपण?"

"कुठे?" केझायानं विचारलं.

"कुठे म्हणजे? समुद्र बघायला..." तो थांबला.

"आजोबा," केझाया स्टोव्ह पेटवत म्हणाली, "तुम्हाला चहात साखर किती?"