कै. केवळराम यांच्या मासोळ्या

पूर्वी माणसाला मरायचे झाले तर आजारपण, अपघात किंवा म्हातारपण यांपैकी एका तरी बाबीची पूर्तता करावी लागत असे. अलीकडे ही अट शिथिल झाली असून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सापडलेल्या चपलांच्या आधारेही मृत्यू मंजूर होऊ शकतो. मरणाऱ्याने स्वतः हजर असण्याची सक्तीही आता उरलेली नाही. बोडीटोल्याच्या केवळरामला या सवलतीचा लाभ गेल्या उन्हाळ्यात मिळाला, तोही अर्ज न करता.

बोडीटोला हे नागभीडच्या पलीकडचे, धानाच्या बांध्यांत बसलेले गाव. गावाला एक जुना तलाव आहे आणि तलावावर ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, पंधरा-वीस घरांचे पोट आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की सगळे मिळून जाळे ओढतात, मासोळीचे वाटे पडतात आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. केवळराम जाळे ओढायचा, त्याची बायको चंदाबाई विकायची. पाणी आटायच्या आत मासोळी खपली तर पावसाळ्यात धानाच्या रोवणीपर्यंत घर चालते. नाही खपली तर ती चिखलात सडते आणि मग घरात काय काय होते ते चंदाबाईने एका वर्षी पाहिले होते. पुन्हा पाहायची तिची अजिबात तयारी नव्हती.

झाले असे, की पाळीवरून चालताना केवळरामच्या चपलेचा पट्टा तुटला. नेमकी त्याच वेळी मुलचेऱ्याला लग्नाला निघालेल्या सोयऱ्यांची गाडी रस्त्याने आली. लग्नात पाय कोण पाहते, असा विचार करून त्याने चपला तिथेच टाकल्या आणि तो गाडीत चढला. तो लग्नाला जाणार हे चंदाबाईला ठाऊक होते. सकाळी तिनेच त्याला जा म्हटले होते. फोन मात्र घरातच चार्जिंगला राहिला. खरे तर ही हकीकत इथेच संपायला हवी होती, पण पाळीवर सोमाजी आले.

सोमाजी हे गावातले जबाबदार ज्येष्ठ नागरिक. त्यांनी पिठाच्या चक्कीवर एवढेच सांगितले, "केवळरामच्या चपला दिसून राह्यल्या पाळीवर, पन केवळराम काई दिसत नाई." हे विधान शंभर टक्के खरे होते. (या प्रकरणातले ते शेवटचे खरे विधान होय.) चक्कीवरून ते चहाच्या टपरीवर गेले तेव्हा केवळराम पाण्यात उतरला होता. टपरीवरून बसथांब्यावर जाईपर्यंत तो बुडाला, आणि बस नागभीडला लागली तेव्हा त्याला मासोळ्यांनी खाल्ले होते. जे अंतर कापायला रुग्णवाहिकेला अर्धा दिवस लागतो, ते केवळरामच्या मृत्यूने चहा निवायच्या आत कापले. ग्रामीण भागात दळणवळणाच्या सोयी नाहीत अशी ओरड करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. काही चौकस मंडळींनी खात्री करण्यासाठी केवळरामला फोनही लावला. तो वाजला, कोणी उचलला नाही. याहून भक्कम पुरावा काय असतो? तलावापर्यंत जाऊन पाहणारे मात्र एकटे सोमाजीच राहिले, त्यामुळे मतभेदाला जागा उरली नाही.

गावात प्रफुल नावाच्या तरुणाचे फोटो आणि बॅनरचे दुकान आहे. वाढदिवस आणि श्रद्धांजली यांसाठी तो एकच नमुना वापरतो, नुसता केक काढून टाकतो. त्याने केवळरामचा कोण्या लग्नातला काळा चष्मा लावलेला फोटो घेतला, वर "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिले आणि खाली ज्यांना येत्या निवडणुकीत उभे राहायचे होते त्या सगळ्यांची नावे टाकली. केक काढताना एक मेणबत्ती चुकून राहून गेली होती, ती प्रसंगाला शोभून दिसली. फोटो पाहून पुष्कळांना हुंदका आवरला नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांनी केवळरामला त्याआधी कधी पाहिलेही नव्हते.

चंदाबाईला हे कळले ते बाजारात. टोपली उतरवून ती बसते न बसते तोच एक ओळखीची बाई समोर उभी राहिली आणि तिच्या कपाळाकडे पाहतच राहिली.

"बाई वो, तू बाजारात कशी आली? अजून तर दिवस बी नाई झाले."

"कशाचे दिवस?"

"केवळरामभाऊचे."

"ते त मुलचेऱ्याले गेले लग्नाले. बुंदी खाऊन राह्यले असन आता," चंदाबाई म्हणाली.

त्या बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. तिने शेजारणीला बाजूला घेऊन सांगितले, "डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या." त्या दिवशी चंदाबाईचे सांत्वन करायला पुष्कळ लोक आले, मासोळी घ्यायला कोणी आले नाही. ज्या मासोळीने माणूस खाल्ला ती माणसाने कशी खायची, हा धर्माचा, आरोग्याचा आणि किळसेचा असा तिहेरी प्रश्न होता. भरली टोपली डोक्यावर घेऊन चंदाबाई परत आली आणि दारात बसून रडली. रडताना तिला पाहिले म्हणून उरल्यासुरल्यांचीही खात्री पटली.

यानंतर सत्याच्या बाजूने जे प्रयत्न झाले तेही इथे नोंदवले पाहिजेत, नाहीतर समाज नुसता हातावर हात ठेवून बसला होता असा गैरसमज व्हायचा. शाळेतले अश्वजित सर विचारी गृहस्थ. त्यांनी सगळ्या ग्रुपांवर खुलासा टाकला: "केवळराम तलावात बुडून मेला, त्याला मासोळ्यांनी खाल्ले, अशी जी बातमी पसरली आहे ती संपूर्णपणे खोटी असून..." खुलासा मुद्देसूद, सविस्तर आणि व्याकरणशुद्ध होता. फोनच्या पडद्यावर न उघडता दिसतो तो मजकूर "मासोळ्यांनी खाल्ले" इथे संपत होता. सर स्वतः सांगतात म्हटल्यावर ज्या दोन-तीन घरांना अजून शंका होती तीही मिटली.

मग चंदाबाई ग्रामपंचायतीत गेली. नवरा जिवंत असल्याचा कागद मिळाला तर टोपलीला चिकटवून बाजारात बसता येईल, असा तिचा साधा हिशेब. तिथे तिला आदराने खुर्ची देण्यात आली आणि नियम समजावून सांगण्यात आला. केवळरामच्या मृत्यूची नोंदच दप्तरी नाही. जी नोंद नाही ती खोटी कशी ठरवणार? तरी आधी रीतसर मृत्यूची नोंद करून घ्यावी, म्हणजे ती रद्द करण्याची कार्यवाही हाती घेता येईल. चंदाबाई उठून आली. तलावाचे पाणी तोवर मधल्या खुणेच्या दगडाच्या खाली गेले होते.

लग्न, परतपाठवणी आणि सोयऱ्यांचा आग्रह आटोपून केवळराम स्वतःच घरी आला. चंदाबाईला वाटले, सुटलो. दुसऱ्याच बाजारी तिने त्याला टोपलीशेजारी बसवले. पुरावा समोर, मासोळी समोर, आता बोला.

गिऱ्हाईक आले, थांबले. "कोन्या तलावाची हाये?"

"बोडीटोल्याची. ताजी हाये, घ्या," केवळराम म्हणाला.

"नाई बाप्पा. त्याच्यात केवळराम गेला म्हनते."

"म्याच केवळराम होय ना गा!"

गिऱ्हाइकाने खिशातून फोन काढला, फोटो पाहिला, केवळरामकडे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला. "त्याच्या डोऱ्यावर चष्मा हाये," तो म्हणाला. मग त्याचा आवाज मऊ झाला. "भाऊ होय का तुमी त्याचे? तोंड त सारखंच दिसते." एकाने केवळरामच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "लय चांगला मानूस होता गा तुमचा भाऊ." आपल्याबद्दल इतके चांगले केवळरामने हयातीत कधी ऐकले नव्हते. त्याला भरून आले, आणि एवढ्या प्रेमाने बोलणाऱ्याला खोटे कसे पाडायचे म्हणून तो होकारार्थी मान हलवत हळूच "हाव" म्हणून बसला.

ते "हाव" ऐकले आणि चंदाबाईचे टाळके सरकले. इतके दिवस ती हात जोडून खरे सांगत होती. आता ती भर बाजारात उभी राहिली आणि सारी भडास बाहेर पडली.

"हाव! खाल्लं मासोळीनं माह्या नवऱ्याले! धानाचं अख्खं पोतं एका हातानं उचलत होता, कंबर दुखली नाई त्याची कधी, गुडघा दुखला नाई. सारी ताकद मासोळीत गेली! एक तुकडा खाल्ला त म्हातारा नाचन! तुमी नका खाऊ, तुमी त असेच मजबूत हा!"

हे बोलणे किती कडू होते ते कोण्या लहान लेकरालाही कळले असते. बाजारात बहुधा सगळी मोठी माणसे होती. कोणीतरी ते फोनवर टिपले आणि "ते माहे बंधू होते" असे सांगायला केवळराम तोंड उघडायच्या आत पुढे पाठवले. चंदाबाईने त्या उन्हाळ्यात जेवढे खरे सांगितले त्यातले काही वेशीबाहेर गेले नव्हते. हे मात्र गेले. टोपली त्याच दिवशी रिकामी झाली.

पुढच्या बाजारी लोक तिच्या आधी येऊन बसले होते. ब्रह्मपुरीहून आले, मूलहून आले, गडचांदूरहून एकजण आजारी सासऱ्याला घेऊन गाडी करून आला. कंबरदुखी, गुडघेदुखी, अशक्तपणा, केस गळणे. (केस गळण्याचा उल्लेख चंदाबाईने केला नव्हता. तो वाटेत जोडला गेला असावा.) शेजारच्या तलावाची मासोळीही चांगली होती, पण तिने कोणाला खाल्ल्याचा पुरावा नव्हता. एका सुशिक्षित गृहस्थांनी फक्त एकच खात्री मागितली, "माणूस नक्की याच तलावात गेला ना? आजकाल फसवणूक फार होते."

आता अडचण एकच राहिली, केवळराम. नवरा मेला म्हणून मासोळी खपत नव्हती, तीच आता नवरा मेला म्हणून खपत होती, आणि हा गडी धडधाकट अंगणात बसून विडी ओढत होता. दाराशी गाडी थांबली की त्याला कोठीत जावे लागे. त्याचे धोतर दोरीवर वाळत घालता येईना. त्याने चंदाबाईला दोनदा म्हटले, "मी हावो ना वो, जीवता हावो," पण तलावात पाणी अजून होते आणि रोवणी लांब होती, म्हणून तो पुन्हा कोठीत जाऊन बसला.

चंदाबाईलाही आपले काम करावे लागे. बाजाराच्या दिवशी बसथांब्यामागच्या पळसाच्या झाडाआड ती थांबायची, पदराने कपाळ पुसायची आणि बांगड्या पिशवीत टाकायची. परत येताना त्याच झाडाआड कुंकू लावायची. पहिल्यांदा कुंकू पुसले तेव्हा, नवरा घरी भात खात बसला आहे हे ठाऊक असूनही ती त्या झाडाला टेकून ओक्साबोक्शी रडली. दुसऱ्यांदा नुसते डोळे ओले झाले. मग तेही थांबले आणि याचेच तिला जास्त वाईट वाटले.

तलाव एकदाचा आटला. शेवटचा वाटा निघाला तेव्हा चंदाबाईने एक मोठी मासोळी घरासाठी बाजूला ठेवली. संध्याकाळी रस्सा उकळत होता. कोठीत बसून बसून केवळरामचे अंग आखडून गेले होते. तो चुलीजवळ येऊन बसला, पाय चोळत राहिला आणि जरा लाजत म्हणाला, "मले दोन तुकडे जास्त टाकजो. पाय लय दुखून राह्यले."

"मंग?"

"नाई, ताकद येते म्हनते त्याच्यानं."

चंदाबाईने पळी हातात घेतली. अजी, ताकद कोणाची म्हणते ते तरी ऐकले का, असे तिच्या अगदी ओठावर आले होते. पण तिने त्याच्या ताटात दोन तुकडे जास्त वाढले. तो हात धुवायला बाहेर गेला तेव्हा तिने कढईतला उरलेला तुकडा पटकन आपल्या ताटात घेतला. टोपल्या वाहून तिचाही गुडघा दुखत होता, आणि खाऊन पाहायला काही जात नव्हते.

या जोडप्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. तरी वाचकांनी एक बाब ध्यानात घ्यावी. आपण जे औषध खातो आहोत ते प्रथम कोणाच्या तोंडून निघाले हे चंदाबाईला पक्के ठाऊक होते. आपण रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात जे काही पिळून, भिजवून किंवा कालवून पिता, ते आपल्याला कोणी सांगितले, हे आठवत असल्यास कृपया कळवावे. (घाई नाही. उद्याचा पेला पिऊन झाल्यावर कळवले तरी चालेल.)