हिरामावशींचं गिऱ्हाईक

आमच्या शेजारच्या हिरामावशी खारीशी घासाघीस करतात. अगदी खरं सांगते, माझ्या बाल्कनीत रोज ऐकू येतं. "दोन घेतेस? एकच घे. बरं, घे दोन, पन उद्या दुसरीकडं जायचं नाय!" खार एक शेंगदाणा तोंडात धरून एसीच्या डब्यावर जाते, तो संपवते आणि दुसऱ्यासाठी परत येते. मावशी समाधानाने मान डोलावतात. सौदा पटला!

जन्मभर मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळी विकलेली बाई. फुकट द्यायचं त्यांना जमतच नाही. मुलगा सुनील न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरीला लागला, पनवेलला तिसऱ्या मजल्यावर त्याने फ्लॅट घेतला आणि आईला इकडे आणलं. धक्का सुटला, गिऱ्हाईक तुटलं. मग ही शेपटीवाली मिळाली. पहिल्या दिवशी मावशींनी तिच्यापुढे सुकट ठेवली. खारीने हुंगली, शेपूट झटकली आणि चालती झाली. "आज गुरुवार करते वाटतं," मावशी म्हणाल्या. शुक्रवारी पुन्हा सुकट, पुन्हा तेच. "अगं बाय, ही तर रोजच गुरुवार करते!" तेव्हापासून शेंगदाणे.

मावशींचं वर्ष अजून समुद्राचंच आहे, आणि खारीलाही त्यांनी त्यातच बसवलंय. पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या की खारही ओली शेपूट घेऊन कुठेतरी दडते. "बंदी हाय तिची." नारळी पुनवेला ओल्या खोबऱ्याचा पहिला तुकडा तिला, की बंदी उठली! थंडीत ती कठड्यावर ऊन खात चिर्र चिर्र करत राहते, समोर मावशी पाय पसरून बसतात, आणि दोघींचे डोळे हळूहळू मिटतात. लांब रस्त्यावरून बंदराकडचे कंटेनर घरघरत जातात. "भरती लागली," मावशी अर्धवट झोपेत पुटपुटतात. मीही कधीकधी तांदूळ निवडायचे सोडून ऐकत बसते. डोळे मिटले की खरंच लाट आल्यासारखं वाटतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र खारीला घाई सुटते. यंदा पायपुसण्याचा काथ्या, गादीतला कापूस, माझ्या नव्या कोऱ्या मॉपचे धागे, सगळं पळवून तिने मावशींच्या एसीमागे घरटं केलं. मी तक्रार केली तर मलाच ऐकावं लागलं, "बालंतपन हाय तिचं. मॉप मॉप काय करतेस?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोसायटीने सगळ्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळी लावली. सोसायटी म्हणजे मीच, सेक्रेटरी; घरट्याचं तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मावशी मोऱ्याला कुणाच्या तरी हळदीला गेलेल्या. सुनीलने दार उघडून दिलं, माणसं जाळी ठोकून गेली. संध्याकाळी मावशी परतल्या तर पिल्लं आत आणि आई बाहेर! खार जाळीला लटकून जिवाच्या आकांताने ओरडत होती, नायलॉनला दात लावत होती, आणि एसीमागून बारीक चीं चीं येत होतं. ती आत पोचली नसती तर पिल्लं उपाशी मेली असती.

आरडाओरडा ऐकून मी धावले. मावशींच्या हातात मासळी कापायचा कोयता, आणि जाळीला वाडग्याएवढं भोक.

"मावशी! अहो, मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं? नवीन जाळी आहे ती!"

"जाली मला नको शिकवू. दादल्याची जाली जलमभर मीच शिवली. जाली माशाला लावतात, आयशीला नाय."

माझा पारा चढला होता, पण बोलता बोलता मावशी भोकाच्या कडेला गाठी मारत होत्या, पुढे उसवू नये म्हणून. इतक्या सुबक गाठी की माझं भांडण तिथेच राहिलं.

आम्ही मागे सरलो. खार आत शिरली. जरा वेळाने एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली, पाइपावरून उतरली आणि समोरच्या बदामाच्या झाडात दिसेनाशी झाली. परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं. बदामाच्या पानांवरचं ऊन विझत गेलं, आम्ही दोघी जागच्या हललो नाही. घरटं रिकामं झालं.

"बघा! एवढं तुम्ही केलंत, आणि गेली की हो!" मला खरंच वाईट वाटलं.

मावशींनी शेंगदाण्यांचा डबा भोकापाशी उपडा केला. सगळाच, भाव न करता.

"सुन्यानं मला अशीच आनली, बाय," त्या म्हणाल्या. "तोंडात धरून. पोरगा चांगला हाय माजा. पन पिल्लाला कोन इचारतं?"

भोक बुजवा असं मी काही सांगितलं नाही. खार अजून परतलेली नाही. मावशी त्या भोकासमोर बसतात आणि म्हणतात, इथूनच मोऱ्याचा वारा येतो. आता वारा काय, जाळीतून कुठूनही येतो! पण परवा मीच माझ्या जाळीला कात्री लावली आणि मावशींना गाठी मारायला बोलावलं.

"काय घेणार गाठींचं?" मी विचारलं.

"चहा. दोन कप." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं, एकच दे. पन उद्या दुसरीकडं जायचं नाय."